साडेतीन किलोंचा अनुशेष

पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक-जावक विभागात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला कागदावर कुणी फसवू शकेल, असं त्या कार्यालयातल्या पंख्यालासुद्धा वाटलं नसतं. त्या गृहस्थांना सगळे शिक्केसाहेब म्हणत. कागद हातात आला की ते मजकूर वाचत नसत. उजेडाकडे धरून शिक्का बघत. शाई किती फुटली आहे, सहीचा कल कुणीकडे आहे, जावक क्रमांकातली तिरपी रेघ कुठल्या टेबलावरची आहे. दोन खोटे दाखले आणि एक खोटं बदलीपत्र त्यांनी असं नुसतं उजेडात पकडलं होतं. बदलीपत्र त्यांच्याच साहेबांचं निघाल्यामुळे त्याचा फारसा बोलबाला झाला नाही, पण तो विषय वेगळा.

अशा माणसाने एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात मिठाचा खडा टांगला आणि तो तोंडाच्या उंचीवर येतो की नाही, हे जीभ बाहेर काढून तपासलं. त्यांच्या पत्नी प्राथमिक शाळेत शिकवत आणि त्यांना घरीदारी सगळेच बाई म्हणत. तिसरीच्या वर्गात बत्तीस वर्षं घालवल्यामुळे बाईंनी जगातलं बहुतेक सगळं पाहिलेलं होतं. हे पाहिलेलं नव्हतं. त्या हातातला चहा घेऊन मागच्या मागे बाहेरच्या खोलीत गेल्या.

पण आपण फार पुढे आलो. देवाने माणसाला लेक दिली की तिच्यामागून एक हळवी जागाही देतो, आणि भल्या माणसाची फसगत नेमकी तिथून सुरू होते.

शिक्केसाहेबांच्या लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. आधी तीन आठवड्यांचं प्राथमिक प्रशिक्षण, मग दहा-बारा दिवस घरी, आणि मग कायमचं जाणं. जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, शहरात पाच किलोमीटरची शर्यत होती. लेक कॉलेजपासून धावायची. जेवता जेवता ती म्हणाली, "बाबा, या वेळी माझ्याबरोबर धावता का? एकदाच. नंतर मी कुठे आणि तुम्ही कुठे."

"हे शेवटचे धावले तेव्हा आपली बस सुटत होती," बाई म्हणाल्या. "आणि ती सुटलीच."

सतरा वर्षांपूर्वी या पोरीला सायकल शिकवताना शिक्केसाहेबांनी मागचा हात काढून घेतला होता आणि ती एकदाही वळून न बघता कोपऱ्यापलीकडे गेली होती. आता परत जाणार होती. निदान पाच किलोमीटर तरी आपण तिच्या बाजूला असावं, शेवटची रेघ दोघांनी मिळून ओलांडावी, एवढं एकच त्यांच्या मनात आलं. ते म्हणाले, "घाल माझं नाव."

लेकीने निघण्यापूर्वी विजेच्या बिलाच्या पाकिटामागे पेन्सिलीने लिहून दिलं: 'दहा मिनिटं चालायचं. एक मिनिट धावायचं. परत चालायचं. बोलता येईल इतक्याच वेगाने. दमलात तर थांबा. मी आहे.'

शिक्केसाहेबांनी सवयीने पाकीट उलटसुलट केलं. तारीख नाही, सही नाही, क्रमांक नाही. "हा कच्चा मसुदा झाला," ते म्हणाले. "पक्का आराखडा कुठाय?"

लेक हसली, पण नेहमीपेक्षा थोडी कमी हसली. ती गेली आणि पाकीट जुन्या टेलिफोन डायरीत गेलं.

पक्का आराखडा त्याच आठवड्यात मोबाइलवर आपणहून चालत आला. 'जगज्जेत्यांचं गुप्त प्रशिक्षण. आजवर केवळ एलिट धावपटूंसाठी राखीव.' खाली हाताची घडी घातलेला एक इसम होता. तो स्वतःला महाकोच म्हणवत होता. चेहरा एकाचा आणि पाय दुसऱ्याचे असावेत अशी शंका बाईंनी बोलून दाखवली, पण खाली लिहिलं होतं, 'फक्त सात जागा शिल्लक.' शिक्केसाहेबांनी तीन दिवस लक्ष ठेवलं. तिन्ही दिवस सातच जागा होत्या. दुसरा कुणी असता तर इथेच शहाणा झाला असता. शिक्केसाहेबांनी मात्र यावरून असा निष्कर्ष काढला की यंत्रणा काटेकोर आहे, उगाच कुणालाही आत घेत नाहीत. त्यांनी पैसे भरले आणि आत गेले. बाहेर जागा सातच राहिल्या.

अठ्ठेचाळीस पानांचा आराखडा आला. त्यांनी तो छापून, बांधून घेतला आणि खिडकीपाशी उजेडाकडे धरला. क्रमांक होता, एप्र/विशेष/४७. प्रत्येक पानावर सोनेरी गोल शिक्का होता आणि गोल म्हणजे परकाराने काढल्यासारखा गोल. हाताने मारलेला खरा शिक्का असा कधी उठत नाही, हे त्या अख्ख्या शहरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण माणूस मोहात पडला की त्याची विद्या आधी घराबाहेर पडते.

"किती सुबक आहे बघ," ते बाईंना म्हणाले.

"मजकूर वाचलात का?"

"मजकूर पाळायचा असतो," शिक्केसाहेब म्हणाले.

आणि त्यांनी तो पाळला. कलम तीन म्हणत होतं, एलिट धावपटूस दररोज चार किलो ओट्स तीन हप्त्यांत भिजवून द्यावेत. किराणावाल्याने गोणी घरपोच पाठवली आणि घरात किती माणसं वाढली, असं विचारलं. पहिल्या दिवशी शिक्केसाहेबांनी घाम पुसत पुसत अर्धा किलो संपवले आणि वहीत नोंद केली, 'अनुशेष साडेतीन किलो.' दुसऱ्या दिवशी अनुशेष सात किलो झाला. आठवड्याच्या शेवटी अनुशेषाचा आकडा पाहून ते स्वतःच हबकले, पण नोंद खोडली नाही.

कलम पाच मिठाच्या खड्याचं. ते आपण पाहिलं.

कलम नऊ म्हणत होतं, रोज सकाळी धावपटूचे कान पाहावेत. कान मागे पडलेले असल्यास त्या दिवशी सराव घेऊ नये. त्यामुळे शाळेच्या गडबडीत बाईंना रोज हातातलं काम टाकून नवऱ्याच्या कानांकडे पाहावं लागे.

"आहेत तिथेच आहेत," बाई म्हणत.

"नीट बघितलंस का?"

"अहो, पंचवीस वर्षं बघतेय. हललेले नाहीत."

बुटांबद्दल कलम बारा होतं: खिळे घट्ट आहेत याची खात्री करावी, सैल असल्यास नवे ठोकून घ्यावेत. शिक्केसाहेबांच्या रबरी बुटांना खिळेच नव्हते, म्हणजे उणीव गंभीर होती. चांभाराने बूट हातात घेऊन त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू कुणी त्याला उशीला कुलूप बसवायला सांगितलं आहे. "साहेब, आरपार जातील," तो म्हणाला. "लेखी आहे," शिक्केसाहेब म्हणाले. त्याने कडेकडेने आखूड खिळे ठोकून दिले. दुसऱ्या दिवशी वेळेअभावी ते तसेच कार्यालयात गेले आणि फरशीवरून टापटाप असा आवाज लेखा शाखेपासून साहेबांच्या केबिनपर्यंत घुमत गेला. साहेबांनी मान वर करून विचारलं, "कोण येतंय?" शिपाई म्हणाला, "आवक."

इथवर सगळं घरातल्या घरात निभावलं. कलम सतराला मात्र दुसरा माणूस लागत होता. धावपटूस लांब दोर बांधून मोकळ्या जागेत वर्तुळात फिरवावे, पंधरा मिनिटे डावीकडून, पंधरा मिनिटे उजवीकडून. दोर धरणाऱ्याने मध्यभागी उभे राहून जिभेने टक् टक् असा आवाज करावा. बाईंनी साफ नकार दिला. म्हणाल्या, "उद्या वर्गातली पोरं मला बघतील, मग मी त्यांना रांगेत कोणत्या तोंडाने उभं करू?"

तेव्हा तळमजल्यावरचे ऑडिटरकाका धावून आले. ते निवृत्त लेखापरीक्षक होते आणि निवृत्तीनंतर कुणाच्या चुका काढायच्या, ही त्यांची रोजची विवंचना होती. इमारतीच्या वाहनतळात ते कपडे वाळत घालायची दोरी धरून मधे उभे राहिले आणि शिक्केसाहेब कमरेला दोरी बांधून गोल गोल दुडक्या चालीने फिरू लागले. टक् टक्, टक् टक्. गॅलऱ्यांत माणसं जमली. पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या की दोरी कमरेऐवजी छातीला बांधा, शिवण उसवणार नाही. दुसऱ्या कुणी सुचवलं की ही गाडी एका बाजूला ओढते आहे, चाकं बघून घ्या. सोसायटीच्या सेक्रेटरीने वाहनतळाच्या बिगरवाहन वापराबद्दल नोटीस लावली. तिला क्रमांक नव्हता, म्हणून शिक्केसाहेबांनी ती विचारात घेतली नाही.

लेकीचा रोज फोन येई. "पाकिटावरचं करताय ना?"

"त्याच्या फार वरचं करतोय," शिक्केसाहेब ऐटीत सांगत. "तू ये तर खरी."

पोट ढोलासारखं झालं होतं, गुडघे करकरत होते, आणि खरं सांगायचं तर वर्तुळ सोडून सरळ रेषेत ते अजून शंभर पावलंही धावलेले नव्हते. पण आराखड्यावर शंका घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

लेक परतायच्या दोन दिवस आधी वरच्या मजल्यावरचे डॉक्टर गावाहून आले. हे गुरांचे डॉक्टर. हातात बॅग तशीच धरून ते वाहनतळाच्या तोंडाशी थबकले. मिनिटभर त्यांनी जाणत्या नजरेने पाहिलं आणि सवयीने म्हणून गेले, "दोर जरा सैल सोडा. डाव्या वळणावर मागचा पाय आखडतोय."

"बघा," ऑडिटरकाका म्हणाले. "मी हेच म्हणत होतो."

मग आपण कुणाबद्दल काय बोललो हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी बॅग खाली ठेवली. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

शिक्केसाहेबांनी अभिमानाने बांधीव आराखडा पुढे केला. डॉक्टर उभ्या उभ्या वाचू लागले. दुसऱ्या पानावर त्यांच्या भुवया वर गेल्या. सहाव्या पानावर ते स्कूटरच्या सीटवर बसले. अकराव्या पानावर त्यांनी पाणी मागितलं.

"डॉक्टर, काही चुकलंय का?"

"काहीच चुकलेलं नाही," डॉक्टर क्षीण आवाजात म्हणाले. "उत्तम आहे. आम्हाला दुसऱ्या वर्षाला होतं. फक्त जिथे जिथे घोडा होतं, तिथे तिथे याने धावपटू घातलंय."

ऑडिटरकाकांच्या हातातली दोरी हळूहळू जमिनीला टेकली.

"एकोणचाळिसाव्या पानावर बघा," डॉक्टर पुढची पानं चाळत म्हणाले, "तिथे बदलायचं राहून गेलंय. 'शेपटीची निगा.'"

शिक्केसाहेबांनी पान उघडलं. होतं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, पण आता उजेडाचा काही उपयोग नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि प्रत्येक ओळीला त्यांचा चेहरा थोडा थोडा उतरत गेला. सव्वीस वर्षांची नजर, आणि तिच्यासमोरून अख्खा घोडा निघून गेला होता.

महाकोचला त्यांनी पत्र पाठवलं, मग स्मरणपत्र एक, मग स्मरणपत्र दोन. तिन्हींना क्षणात एकच उत्तर आलं: 'तुमची प्रगती पाहून आनंद झाला. सुपर एलिट टप्प्यात फक्त सात जागा शिल्लक.'

तेव्हा ते ग्राहक तक्रार कार्यालयात गेले. अर्ज लिहिताना त्यांनी विषयाच्या ओळीवर फार मेहनत घेतली, कारण आवक-जावकमध्ये कागद वाचत नाहीत, विषय वाचतात, आणि ही रीत पुढच्या तीन पिढ्यांच्या कारकुनांना त्यांनीच शिकवली होती. त्यांनी लिहिलं: 'विषय: घोड्याच्या प्रशिक्षणाबाबत.' सोबत अठ्ठेचाळीस पानं जोडली. खिडकीतल्या कारकूनबाईंनी विषय वाचला, मान डोलावली, आणि अर्ज पशुसंवर्धन खात्याच्या खणात टाकला. शिक्केसाहेब तोवर पोच घेऊन बाहेर पडले होते.

लेक आली. तिच्यापासून हे सगळं लपवायचं असं घरात ठरलं होतं. खिळ्यांचे बूट माळ्यावर गेले. "थोडा थकवा आहे," शिक्केसाहेब म्हणाले, आणि तीन दिवस त्यांनी धावायचा विषय शिताफीने टाळला. सरकारी कागद तीन महिन्यांशिवाय खण सोडत नाही, या अनुभवावर त्यांचा भरवसा होता. पण देवाला कधीकधी दप्तर दिरंगाईचाही कंटाळा येतो. चौथ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात पशुसंवर्धन खात्याचे निरीक्षक उभे होते, बगलेत फाइल.

"घोडा कुठे बांधलाय?"

लेकीने दार उघडलं होतं. ती म्हणाली, "कुठला घोडा?"

"म्हणजे एकाहून जास्त आहेत," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं.

ते आत आले. गोणी पाहिली. कोपऱ्यातला दोर पाहिला. स्वयंपाकघराच्या दारात मिठाचा खडा अजून लटकत होता; तो उतरवायचं सगळ्यांच्याच डोक्यातून गेलं होतं. निरीक्षकांनी त्याला बोट लावून पाहिलं. "चाटलेला आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "खाद्य आहे, मीठ आहे, दोर आहे. तिसऱ्या मजल्यावर, रहिवासी इमारतीत. घोडा लपवलाय तुम्ही. मुकाट्याने दाखवा."

बाईंनी पदर तोंडाला लावला. शिक्केसाहेब भिंतीला टेकून उभे होते. शेवटी वरून डॉक्टरांना बोलवावं लागलं. दोघे एकाच खात्यातले, ओळखीचे निघाले.

"साहेब, घोडा नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग हे मीठ कोण चाटतं?"

डॉक्टरांनी शिक्केसाहेबांकडे पाहिलं. निरीक्षकांनीही पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग का कोण जाणे, कानांकडे. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि खुर्चीवर बसून अहवाल लिहिला: 'स्थळपाहणी केली. घोडा आढळला नाही. घोड्याचे प्रशिक्षण घेतलेला इसम आढळला. प्रकृती बरी.'

ते गेल्यावर लेकीने दार लावलं. लेक हसेल, असं शिक्केसाहेबांना वाटलं होतं. ती हसली असती तर बरं झालं असतं. तिने बांधीव आराखडा चाळला, पानापानावरचा सोनेरी शिक्का पाहिला आणि हळूच विचारलं, "बाबा, माझं पाकीट कुठाय?"

शिक्केसाहेबांनी टेलिफोन डायरी आणली. पाकीट 'इ' अक्षरात होतं, म्हणजे इतर.

"मला वाटलं, तुझ्याबरोबर धावायचं तर काहीतरी मोठं पाहिजे," ते म्हणाले. "मी मधेच बसलो असतो तर तू पुढे गेली असतीस."

"मी कशाला पुढे जाईन?" लेक म्हणाली. "वाचा की. शेवटी काय लिहिलंय?"

त्यांनी वाचलं. मग चष्मा पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

उरलेले आठ दिवस दोघं पाकिटाप्रमाणे चालले. दहा मिनिटं चालणं, एक मिनिट धावणं, आणि सारखं बोलणं. लेकीने नव्या शहरातल्या खोलीबद्दल सांगितलं. त्यांनी तिला साहेबांच्या बदलीपत्राची खरी हकिगत सांगितली, जी त्यांनी बाईंनाही सांगितलेली नव्हती.

शर्यतीच्या दिवशी सगळे पुढे निघून गेले. दोन किलोमीटरनंतर मागे फक्त रुग्णवाहिका उरली आणि तिच्या चालकाने पहिला गिअर टाकून दाराबाहेर कोपर काढलं. चौथ्या किलोमीटरला शिक्केसाहेबांचे पाय जड झाले. "तू हो पुढे," ते म्हणाले. "कायदेशीररीत्या सांगतोय."

"लेखी द्या," लेक म्हणाली, आणि त्यांच्या बाजूनेच चालत राहिली.

शेवटच्या वळणावर बाई, डॉक्टर आणि ऑडिटरकाका उभे होते. आयोजकांनी कमान उतरवायला सुरुवात केली होती. शंभर पावलं उरली आणि शिक्केसाहेब थांबले. आता एक पाऊलही होईना. ऑडिटरकाकांना राहवलं नाही. त्यांनी जिभेने आवाज काढला, टक् टक्.

आणि काय सांगावं. शिक्केसाहेबांची मान ताठ झाली, गुडघे आपोआप उचलले गेले आणि ते सुबक दुडक्या चालीने असे निघाले की लेकीला त्यांना गाठायला खरोखर धावावं लागलं. कमान धरलेल्या कामगारांनी ती पुन्हा वर उचलली. बापलेकींनी रेघ मिळून ओलांडली. डॉक्टर पुटपुटले, "डावं वळण नव्हतं म्हणून बरं."

परतताना ऑडिटरकाका जरा घुटमळत म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला एक दाखवायचं होतं. महाकोच आता पोहणं शिकवतात. सातच जागा होत्या, म्हणून मी घेऊन टाकलं." डॉक्टरांनी मोबाइल हातात घेतला आणि मोठ्याने वाचलं: "'पाण्याचा रंग बदलल्यास एलिट पोहणाऱ्यास जाळीने अलगद उचलून दुसऱ्या टाकीत सोडावे.'" त्यांनी मोबाइल परत दिला आणि चालायचा वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक गेली. निघताना या वेळी ती कोपऱ्यावर थांबली आणि वळून तिने हात केला.

शिक्केसाहेब तसेच कार्यालयात गेले. टेबलावर त्यांनी विजेच्या बिलाचं पाकीट ठेवलं, आवक वहीत नवा क्रमांक टाकला, आणि विषयाच्या रकान्यात काय लिहावं ते न सुचल्यामुळे आधी पाकिटाचा मजकूर सगळा पुन्हा वाचून काढला. मग रकान्यात लिहिलं, 'कायम जतन.' शिक्का शाईत बुडवून मारला. हात जरा हलला. शिक्का अर्धाच उठला, एका बाजूला शाई फुटली, गोल काही नीट आला नाही.

त्यांनी पाकीट उचलून उजेडाकडे धरलं. अस्सल होतं.